स्टार वॉर्स पहिल्यांदा कुणाला दाखवताय? मग या चुका टाळा

मित्राने, बायकोने, भाच्याने स्टार वॉर्स, म्हणजे ती अंतराळातल्या लढायांची हॉलिवूड पिक्चरची मालिका, बघितलंच नाहीये हे कळलं की आपल्यासारख्यांच्या अंगात येतं. आणि मग होतं काय, की पिक्चर बोर आहे म्हणून नाही तर दाखवणाऱ्याने वात आणला म्हणून समोरचा पहिल्याच दिवशी कलटी मारतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नंबर बघून एपिसोड १ लावणं. सरळ हिशोब वाटतो, पण तो पिक्चर आला १९९९ला, आणि पहिला स्टार वॉर्स १९७७चा म्हणजे एपिसोड ४. त्या एपिसोड १च्या सुरुवातीला जी पिवळी अक्षरं वर सरकतात त्यातच व्यापारी मार्गांवरच्या टॅक्सचं भांडण आहे, नवीन माणूस तिथेच मोबाईल हातात घेतो. बरं कंटाळा एकवेळ चालेल, खरी वाट लागते ती एपिसोड ५ची. त्यात हीरो ल्यूक एका दलदलीत उतरतो, एका महान जेडाय (या गोष्टीतले तलवारबाज योद्धे) गुरूला शोधायला, आणि त्याला भेटतो कोण तर एक हिरवं बुटकं म्हातारं, जे त्याच्या डब्यातलं खाणं उचकतं, छोट्याशा दिव्यासाठी ल्यूकच्या आर-टू या रोबोटशी झोंबाझोंबी करतं, ल्यूक जाम वैतागतो आणि बघणारापण हसत असतो की हे काय ध्यान आहे, आणि मग कळतं की गुरू म्हणजे हाच, योडा! आता ज्याने आधीच्या तीन भागांत योडाला लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) घेऊन उड्या मारताना बघितलंय त्याला यात कसलं सरप्राइज? आणि त्याच पिक्चरच्या शेवटी जो मोठा बॉम्ब पडतो तो तर एपिसोड ३नेच फोडून ठेवलाय. म्हणून ४, ५, ६ आधी, मग १, २, ३, मग वाटलं तर ७, ८, ९. थिएटरला ज्या क्रमाने आले तोच क्रम, बास. नेटवर ४, ५, २, ३, ६ असा एक क्रमही फेमस आहे, मशेटे ऑर्डर म्हणतात, आयडिया भारी आहे पण ती दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी ठेवा.

दुसरी चूक, मध्येमध्ये कॉमेंट्री. एपिसोड ४मध्ये सुरुवातीचा बराच वेळ दोन रोबोट वाळवंटात भटकत असतात, हीरोचा पत्ताच नसतो. इथे समोरचा चुळबुळ करणार, करू दे! स्टार वॉर्सचा कर्ता जॉर्ज लुकासने जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सिनेमावरून उचललेली ही युक्ती आहे, मोठी गोष्ट दोन फुटकळ पात्रांच्या नजरेतून सांगायची, पण हे ज्ञान तेव्हा पाजळू नका. "आता बघ हां, आता येईल" हे तर अजिबातच नको, त्यानेच अर्धा मूड जातो.

अजून एक लोचा, जो माहीत नसला की गोंधळ होतो. आज ओटीटीवर दिसतात ते जुने पिक्चर जसेच्या तसे नाहीयेत, १९९७ला आणि नंतरही लुकासने त्यात बदल केले. एपिसोड ४मधला जब्बा या गुंडांच्या म्होरक्याचा सीन १९९७लाच टाकलाय, म्हणून तो मध्येच चिकटवल्यासारखा वाटतो. एपिसोड ६च्या शेवटी एक तरुण चेहरा दिसतो, १९८३ला तिथे वेगळा नट होता, २००४च्या डीव्हीडीत बदलला. "हा कोण?" असं विचारलं तर फक्त "पुढच्या तीन भागांत कळेल" एवढंच सांगा.

सहाच्या सहा एका वीकेंडला उरकायचा हट्टपण नको, प्रत्येक पिक्चर दोन तासांच्या वर आहे. एका वेळी एकच लावा, दुसरा त्याने स्वतःहून मागू दे.

आणि ज्याला लेझर, तलवारी, परग्रहावरचे प्राणी यांची मुळातच अ‍ॅलर्जी आहे त्याच्या मागे लागू नका, त्याला स्टार वॉर्सच्याच जगातली २०२२ची अँडोर सिरीज लावून द्या. त्यात जेडाय नाहीत, हुकूमशाही आहे, तुरुंग आहे, ऑफिसातलं राजकारण आहे, माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात सध्या तीच बेस्ट.

समजा कुणी आधीच एपिसोड १ लावून बसलाय, मग? थांबवू नका, १, २, ३ पूर्ण होऊ द्या, सरप्राइज गेलं ते गेलं. त्यानंतर २०१६चा रोग वन हा स्टार वॉर्सचाच, पण नंबर नसलेला पिक्चर लावा आणि तो संपला की लगेच एपिसोड ४, कारण रोग वन जिथे संपतो तिथूनच जवळपास १९७७चा पिक्चर सुरू होतो. मध्ये चहाला उठू देऊ नका.