पॅन्टोप्राझोल चालू आहे आणि शनिवारी पार्टी आहे

कोथरूडच्या आमच्या मेडिकलमध्ये शनिवारी संध्याकाळी हमखास येणारा प्रश्न: "काका, पित्ताची गोळी चालू आहे, दोन पेग चालतील ना?"

गोळीचं दारूशी थेट वाकडं फारसं नाही. पण अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप असते ती दारूने सैल पडते, आम्ल वर चढतं. डॉक्टरांनी दारू बंद सांगितली असेल तर विषय संपला. सूट असेल तर गोळी नेहमीसारखी सकाळी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पार्टीआधी जादा गोळी घेऊन काही साधत नाही. रिकाम्या पोटी पिऊ नका, सोड्याऐवजी साधं पाणी घ्या, चकण्याला तिखट-तळलेलं टाळा. नंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. (एफसी रोडवरून रात्री बाराला येऊन लगेच झोपणारेच सोमवारी माझ्यासमोर उभे असतात.)

पोटातल्या जंतूंचा कोर्स चालू असेल तर चिठ्ठी दाखवा. त्यात मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल असेल तर थेंबही नको, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. डोकं ठणकलं म्हणून वर आयबुप्रोफेन तर मुळीच घेऊ नका.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा घास अडकायला लागला, तर माझ्याकडे येऊ नका, थेट दवाखाना गाठा.