पुंगळ्यांसाठी घरगुती इंडक्शन अ‍ॅनिलर

काडतुसाच्या पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी झाडली की तोंड फुगतं, पुन्हा भरायला साच्यात घातली की आवळतं. या ओढाताणीत ते कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी उभी चीर जाते. तोंड आणि खांदा (तोंडाखालचा उतरता भाग) तीन-चार सेकंदांत ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला नेले की पितळ पुन्हा मऊ पडतं. यालाच अ‍ॅनिलिंग म्हणतात, आणि ते इंडक्शनने, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने, करणारं हे यंत्र. बूड मात्र कडकच राहायला हवं, कारण दाब तेच झेलतं. चुकून बूड तापलं तर ती पुंगळी ठेचून भंगारात टाकायची. यंत्रात जायची ती फक्त रिकामी, प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) काढलेली, स्वच्छ पुंगळी. काडतुसं भरायला परवाना लागत असेल तर तो आधी.

हीटरसाठी तयार मिळणारा १२ ते ४८ व्होल्टचा झेडव्हीएस (शून्य व्होल्टेजला स्विच होणारा) बोर्ड घ्या. त्यावर आयआरएफपी२६० जातीचे दोन मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आणि ०.३३ मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर असतात. बोर्डावर १००० वॅट छापलेलं असतं, ते फार मनावर घेऊ नका. ४८ व्होल्ट, १२.५ अँपिअरचा पॉवर सप्लाय पुरतो. ४८ व्होल्टवर कॉइलच्या टोकांना १५० व्होल्टपर्यंत शिखर येतं, म्हणून चालू असताना कॉइलला हात लावायचा नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ थांबायचं नाही.

कॉइल ३ मिमी तांब्याच्या नळीची, आठ वेढे, आतला व्यास २० मिमी, दोन वेढ्यांत १ मिमी फट. वळवण्याआधी नळीत कोरडी बारीक वाळू ठासली की ती चेपत नाही. वर फायबरग्लासची बाही चढवा, आतून छोट्या पंपाने पाणी फिरवा. पुंगळी खालून फक्त खांद्यापर्यंत आत जाते, मग आठ वेढे कशाला? वेढे कमी केले की इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा कॉइलचा अडथळा) घटतो, कॉइलमधला करंट भडकतो आणि कपॅसिटर तापतात. या मापात बोर्ड सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. त्या वारंवारतेला पितळात करंट जेमतेम ०.३५ मिमी खोल शिरतो, आणि तोंडाची जाडीही साधारण तेवढीच असते.

सगळ्यात जास्त बोर्ड जळतात ते सुरू करताना. व्होल्टेज हळू चढलं की दोन्ही मॉसफेट एकदम चालू होऊन अडकतात आणि सप्लायचा सरळ शॉर्ट होतो. म्हणून सप्लाय आधी चालू करून स्थिर होऊ द्या आणि बोर्डाची डीसी लाइन १०० व्होल्ट, ४० अँपिअरच्या डीसी सॉलिड स्टेट रिलेने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) जोडा. एसी रिले इथे चालत नाही, तो डीसीवर एकदा लागला की सुटतच नाही. रिलेच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला, १००० मायक्रोफॅरड, ८० व्होल्टचा कपॅसिटर आणि १५ अँपिअरचा डीसी फ्यूज. बोर्डाच्या इनपुटवर एक उलटा डायोड, म्हणजे बंद होताना चोकचा (बोर्डावरच्या वेटोळ्याचा) झटका रिलेवर येत नाही. पहिली चाचणी २४ व्होल्टवर, कॉइल रिकामी ठेवून.

वेळ मोजायला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, ०.०५ सेकंदाच्या टप्प्याने बदलता येईल असा. क्रम असा: रिले चालू, ठरलेला वेळ, रिले बंद, मग सोलेनॉइड झडप उघडून पुंगळी खाली. पुंगळी बरोबर मध्यभागी उभी राहिली पाहिजे. एका बाजूला सरकली की तिकडची कड लाल होते आणि समोरची कच्ची राहते. आधार सिरॅमिकचा किंवा बेकेलाइटचा हवा. कॉइलजवळ लोखंडी स्क्रू ठेवलात तर पुंगळीआधी तोच तापेल.

वेळ ठरवायला टाकाऊ पुंगळ्या घ्या. तोंडाच्या आत ५०० अंशांच्या आसपास वितळणारं तापदर्शक लॅकर आणि खांद्याखाली १० मिमीवर २३० अंशांचं लॅकर लावा. वरचं वितळलं आणि खालचं शाबूत राहिलं, तर वेळ जमली. दुसरी खूण अंधाऱ्या खोलीत बघता येते: तोंडाच्या आत जेमतेम दिसणारी लाली आली की थांबायचं. पितळ भगभगीत नारिंगी होऊ दिलं की कण मोठे होतात, जस्त उडायला लागतं आणि असं तोंड गोळीला नीट पकडत नाही. पक्कडीने हलकं दाबून पाहा. मऊ तोंड दाबलं तसं राहतं, कडक तोंड उसळून मागे येतं.

एका लॉटची वेळ दुसऱ्याला लावू नका. भिंतीची जाडी बदलली की तितक्याच सेकंदांत तापमान वेगळं येतं. लॉट बदलला की लॅकरची चाचणी पुन्हा.

तापलेली पुंगळी पाण्यात टाकायची गरज नाही. पाण्याने पितळ कडकही होत नाही आणि जास्त मऊही होत नाही, फक्त वाळवायचं काम वाढतं. पत्र्याच्या ताटात पडू द्या आणि गार झाली की साच्याकडे न्या.