प्लाझ्मिड जात नसेल तर यजमानाकडे बघा

संयुग्मन, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं, स्वतंत्र वर्तुळ) जाणं, जमलं नाही की आपण प्लाझ्मिडलाच दोष देतो. मी आधी दाता (प्लाझ्मिड देणाऱ्या) पेशींचं वय बघते. रात्रभर वाढवलेलं ई. कोलाय (प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू) वापरू नका: स्थिर अवस्थेत, म्हणजे वाढ थांबल्यावर, यजमानाचं (प्लाझ्मिड बाळगणाऱ्या जिवाणूचं) एच-एनएस प्रथिन एफ प्लाझ्मिडची ट्रा, म्हणजे हस्तांतरणाची, जनुकं दडपतं, दुसऱ्या पेशीला पकडणारे पिलस (धागे) बनत नाहीत. ताजं, जोमानं वाढणारं कल्चर घ्या. दाता आणि ग्राहक (प्लाझ्मिड घेणाऱ्या पेशी) मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवा, पण हलवू नका, जोड्या तुटतात. मग दोन्ही अँटिबायोटिक्स (एक प्लाझ्मिडमुळे सोसलं जाणारं, दुसरं ग्राहक मुळातच सोसतो ते) असलेल्या प्लेटवर पसरा. नुसता दाता आणि नुसता ग्राहक यांच्याही तशाच प्लेटा हव्यातच. त्यांच्यावर वसाहती उगवल्या तर आकडे सरळ टाकून द्या, मी टाकते.

तरीही वसाहती तुरळक? ग्राहकाचं एचएसडीआर (डीएनए कापणाऱ्या विकराचं) जनुक तपासा. ते शाबूत असेल तर परका डीएनए कापला जातो. त्या जनुकात बिघाड असलेला ग्राहक शेजारी लावून बघा.

एकाच पेशीत दोन प्लाझ्मिडांच्या सहवासाचं गणित वेगळं. पीबीआर३२२ आणि पीयूसी१९ या प्लाझ्मिडांची प्रतिकृती-यंत्रणा (स्वतःच्या प्रती काढण्याची सोय) एकच, म्हणून अँटिबायोटिक काढलं की पिढ्यांमागून पिढ्या एक गळतो. पीबीआर३२२सोबत पीएसीवायसी१८४ मात्र सुखानं नांदतं, त्याची यंत्रणा वेगळी.