बिल्डरूट की यॉक्टो? आधी मशीन बघा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यासाठी लिनक्सवर चालणारा कंट्रोलर बनवताय? बिल्डरूट आणि यॉक्टो ही कंट्रोलरच्या बोर्डसाठी हवं तसं लिनक्स बांधून देणारी साधनं. बोर्ड एकच असेल तर बिल्डरूट पुरे. बोर्ड अनेक आणि अपडेट वर्षानुवर्षे द्यायचे, तरच यॉक्टोच्या वाटेला जा. त्यासाठी बिल्ड करायच्या, म्हणजे लिनक्स बांधायच्या मशीनवर उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी उबुंटू आवृत्ती), 32 जीबी रॅम, एसएसडीवर 150 जीबी मोकळी जागा हवी. रॅम अपुरी पडली की मोठं सी++ पॅकेज बांधताना कंपायलर मध्येच ‘किल्ड’ होतो, म्हणजे सिस्टिम त्याला बंद पाडते. कोड तपासत बसू नका, समांतर कामं कमी करा. डब्ल्यूएसएल-2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालेल, पण बिल्ड सी ड्राइव्हवर नको. डाउनलोड आणि एसस्टेट (आधी बांधलेल्या भागांचा साठा) फोल्डर बिल्ड फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर बिल्ड पुसलं की सगळं पहिल्यापासून. बोर्ड संगणकाला जोडायची सिरीयल केबल बहुतेक बोर्डांना 3.3 व्होल्टची लागते. 5 व्होल्टने पिन जळू शकते.