वजन ५४, कंबर ८६: रिपोर्ट बिघडल्यावर पहिले तीन महिने काय करायचं

दिवाळीनंतर नवऱ्याच्या कंपनीचं हेल्थ चेकअप होतं, जोडीदाराचंही फुकट होतं म्हणून मीपण गेले. नवरा ८८ किलो, मी ५४. रिपोर्ट आले तर साहेबांचं सगळं जवळपास ठीक आणि माझी एचबीएवनसी ६.१, ट्रायग्लिसराइड २३८, एचडीएल ३८. सासूबाई म्हणाल्या अगं अदलाबदल झाली असेल, फोन करून विचार. विचारलं. नव्हती झाली.

मी डॉक्टर नाहीये, पण त्यानंतर तीन महिने डॉक्टरांना विचारून आणि भरपूर वाचून जे केलं ते लिहितेय. उगाच केलेलं पण लिहिते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी आकडे पटकन. एचबीएवनसी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी, ती १५० च्या आत हवी. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ते बायकांचं ५० च्या वर आणि पुरुषांचं ४० च्या वर.

वजनकाट्याआधी टेप काढा

शिलाईची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. जीन्स जिथे बसते तिथे नाही, तिथे सगळेच बारीक असतात. आपल्या लोकांसाठी हद्द बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९०. माझी निघाली ८६. ५४ किलोच्या बाईची! हातपाय काटक्या आणि पोट पुढे, आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते की मला काहीही खाल्लं तरी लागत नाही.

यावर पुण्यातच खूप काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेला एक फोटो आहे, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून जाड, हा आपला खास भारतीय प्रकार. ही पोटातली चरबी लिव्हरच्या आसपास आणि लिव्हरमध्येही साठते, मग साखर रक्तातून पेशींत पोचवणारं इन्सुलिन असूनही त्याचं कोणी ऐकत नाही, लिव्हर जास्तीच्या साखरेची चरबी करून रक्तात सोडत राहतं, आणि ती चरबी म्हणजेच रिपोर्टातलं ट्रायग्लिसराइड. तेलातुपाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, माझ्या केसमध्ये मुख्य चोर साखर आणि मैदा होता.

पहिल्या दिवसापासून: जेवून लगेच बसू नका

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालायचं, रात्री तर नक्कीच. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, इन्सुलिनची फार वाट बघत नाहीत, आणि जेवणानंतर साखर वर चढत असते तेव्हाच हे झालं तर तिची उडी लहान होते. आमचं जेवण साडेनऊला आणि हात धुतले की सरळ टीव्हीसमोर, हेच वर्षानुवर्षं. आता पार्किंगमध्ये फेऱ्या मारते, पावसात घरातल्या घरात, हॉल ते किचन, फोनवर बोलत बोलत. शतपावली म्हणून आज्जी हेच करायची, फक्त शंभर पावलांत भागत नाही एवढंच.

वेग किती? बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. आठवड्याला १५० मिनिटं हा डब्ल्यूएचओचा आकडा, जेवणानंतरच्या फेऱ्या जोरात चाललात तर त्यातच धरा. आणि सलग दोन दिवस खाडा नको, कारण व्यायामाने इन्सुलिनला जी मदत होते ती एकदोन दिवसच टिकते. रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या आणि मग शनिवारपर्यंत काही नाही, असं चालत नाही. (आणि उतरल्यावर वडापाव, हे तर नाहीच.)

दिवसभर बसणं हा वेगळा विषय आहे. १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवर एक अभ्यास झाला होता, दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. एकच बस, एकच डेपो. माझा जॉब ड्रायव्हरवाला आहे म्हणून मी दर तासाला पाण्याची बाटली भरायला उठते, बाटली मुद्दाम लहान ठेवलीये.

ताट

इथे मी सगळ्यात जास्त घोळ घातला. पहिल्या आठवड्यात भात बंद केला, तीन पोळ्यांच्या जागी तीन ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या आणि वाटलं जिंकलो. भाकरीत फायबर जास्त हे खरं पण तीही पिठाचीच असते, तीन म्हणजे तीनच. मग डाएटिशियनने सांगितलं आधी काढू नका, आधी घाला. म्हणजे अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, एक मोठी वाटी उसळ किंवा घट्ट वरण, आणि उरलेल्या जागेत भाकरी किंवा पोळी किंवा भात. आणि क्रम बदला, कोशिंबीर आणि उसळ आधी, भात शेवटी. तेच पदार्थ, तेवढंच जेवण, पण पोटात आधी फायबर आणि प्रोटीन गेलं की साखर हळू चढते. मी भात परत सुरू केला, एक वाटी, मापून.

प्रोटीनमध्ये शाकाहारी घरं फार मागे पडतात, वरण इतकं पातळ की त्यात तळ दिसतो. मटकी, मूग, चवळी, हरभरा आलटून पालटून, दही, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली घ्या, स्वस्त पण आणि ओमेगा-थ्री पण भरपूर, फक्त रव्यात घोळवून तेलात पोहवू नका.

पोहे सोडायची गरज नाही. पोहे अर्धे करा आणि त्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला, सोबत ताक. उपास मात्र डोळे उघडून बघा. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात बटाटा, वर साखर, आणि आपण म्हणतो आज काही खाल्लं नाही. चतुर्थीला मी आता भगर कमी आणि दाण्याची आमटी जास्त, सोबत दही-काकडी.

चहाचा हिशोब करून बघा एकदा. चार कप, दोन दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम साखर, तीसुद्धा बिस्किटं न धरता. मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला, चौथ्या आठवड्यानंतर जुना चहा पाकासारखा लागायला लागला. गूळ घातला म्हणून सुटका नाही, रक्ताला दोन्ही सारखेच. फळाचा ज्यूस नको, फळ चावून खा. खारी, टोस्ट, नानकटाई आमच्या घरात आता येतच नाहीत, कारण डबा समोर असला की माझा हात जातो, मला माझा भरवसा नाही.

तेल रोज कोण मोजणार, महिन्याचं मोजा. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास. आम्ही चौघांत साडेतीन लिटर संपवत होतो, आता सव्वादोनवर आलोय. बीपी असेल तर लोणचं, पापड, फरसाण आणि ताटात वाढलेलं मीठ आधी बंद, दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक चमचा. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर तूप, चीज, ओल्या नारळावर लक्ष ठेवा. तूपप्रेमींशी मी वाद घालत नाही, ऋजुता दिवेकरांचं डाएट की डॉ. दीक्षितांचं यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर २०१८ मध्ये दोन काका ग्रुप सोडून गेलेत.

ताकद, हो बायकांनी पण

चालणं पुरेसं नाही हे मला उशिरा कळलं. स्नायू म्हणजे साखर ठेवायचं गोडाऊन, आणि आम्हा बारीक-जाड लोकांचं गोडाऊनच छोटं. आठवड्यातून दोन दिवस, २० मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठबस १० वेळा, भिंतीला पुशअप १०, टाचा उचलणं २०, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातात घेऊन वर. असे तीन राउंड. पहिल्या दिवशी उठबशीनंतर जिना उतरताना मी कठडा धरला होता, सांगून ठेवते.

सावध

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, न झेपणारी धाप असं काही झालं तर थांबायचं आणि लगेच हॉस्पिटल, गॅस म्हणून ओवा चावत बसायचं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर जेवण कमी आणि व्यायाम जास्त केल्याने शुगर एकदम खाली जाऊ शकते, डोस आधी डॉक्टरांशी बोलून घ्या आणि खिशात ग्लुकोज ठेवा. बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

काय कधी हलतं

ट्रायग्लिसराइड आणि बीपी काही आठवड्यांत खाली यायला लागतं, एचबीएवनसीला तीन महिने द्यावेच लागतात, त्याआधी तपासून उगाच पैसे घालवू नका. एलडीएल हट्टी असतं, काही जणांना सगळं करून गोळी लागतेच, त्यात तुमची चूक नाही. आणि वजन हललं नाही म्हणून सोडू नका. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास आहे प्रीडायबेटिसवाल्या भारतीयांवर, खाणं आणि चालणं बदलून डायबेटिस व्हायचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने २६ टक्क्यांनी, आणि यात वजन फारसं उतरलंच नव्हतं.

माझं तीन महिन्यांनी: वजन ५३, कंबर ८२, ट्रायग्लिसराइड १६४, एचबीएवनसी ५.८, एचडीएल ४१. एलडीएल जिथे होतं तिथेच. सासूबाईंनी या वेळी अदलाबदलीचा विषय काढला नाही, उलट त्याच रात्री जेवून गॅलरीत फेऱ्या सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले पुढची टेस्ट सहा महिन्यांनी, कॅलेंडर बघितलं तर बरोब्बर गणपतीत येतेय. आठवडाभर आधीच उरकणारे मी ती.