इंजिन बदललं आणि दिवे बिघडले? आधी अर्थिंग तपासा

इंजिन बदलल्यावर हेडलाइट मंद झाले, इंडिकेटर लावला की भलताच दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो, असं काही होत असेल तर लगेच बल्ब किंवा स्विच बदलू नका. बहुतेक वेळा दोषी असते ती इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंटला बॅटरीकडे परतायची वाट देणारी धातूची पट्टी. इंजिन उतरवताना ती काढली जाते आणि परत बसवायची राहते, किंवा रंगावर, गंजावर तशीच आवळली जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे ही पट्टी नसली की करंट मिळेल त्या वाटेने परततो.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट लावा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी आधी बॉडीच्या उघड्या धातूला आणि मग इंजिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड काढा, धातू चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा घट्ट आवळा. हीच मोजणी स्टार्टर फिरवतानाही करा. तेव्हा आकडा थोडा वाढणारच, पण अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी संशयास्पद समजा.

रिव्हर्सचा दिवा तेवढाच बंद असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्विचचा कनेक्टर बघा, तो सुटाच लोंबकळत असतो.

आणि फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा मोह नकोच. एक्झॉस्टला टेकून वितळलेली किंवा ब्रॅकेटखाली चिरडलेली वायर शोधा.