आवाज पातळ येतोय? आधी लूपबॅक करून बघा

रेकॉर्डिंगमध्ये खर्ज गायब झाला किंवा तानपुऱ्याची जवारी बोथट वाटली, की आपण लगेच ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक-वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, दोष देतो. जरा थांबा, दहा मिनिटं काढा. इंटरफेसच्या लाइन आउटमधून टीआरएस केबल (तीन जोड असलेल्या जाड जॅकची) थेट त्याच्याच लाइन इनमध्ये लावा; हाच लूपबॅक. ४८ व्होल्टचं फँटम (माइकला वीज देणारं बटण) बंद, स्पीकर बंद, डायरेक्ट मॉनिटरिंगही (आत येणारा आवाज थेट बाहेर ऐकवणारी सोय) बंद. नाहीतर सिग्नल गोल फिरत राहतो आणि शिट्टी वाजते. मग रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमधून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत सरकत जाणारा सूर, सोडा.

आलेखाची रेघ जवळजवळ सपाट आली तर इंटरफेस ठणठणीत आहे. दोष माइकमध्ये, त्याच्या जागेत नाहीतर खोलीत शोधा.

कंगव्याच्या दातांसारख्या खाचा दिसल्या तर एकच सिग्नल दोन वाटांनी पोचतोय. दोन वाटांत ५ मिलिसेकंदांचा फरक असेल तर खड्डे १००, ३००, ५०० हर्ट्झला पडतात. इंटरफेसच्या मिक्सर अ‍ॅपमधला एखादा राउट (सिग्नलची वाट) चालू राहिला आहे का ते बघा, बहुतेकदा तिथेच सापडतं. रेघेचा फक्त खर्जाकडचा भाग गळत असेल तर आधी केबल बदला. आतली एक तार तुटली तरी आवाज असाच बारीक होऊ शकतो.

गिटारचं मात्र वेगळं. साधा, बॅटरी नसलेला पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) लाइन इनमध्ये लावला की ट्रेबल मरतं, कारण त्या इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) पिकअपसाठी फार कमी असतो. इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबा, इम्पिडन्स साधारण १ मेगाओमवर जातो आणि तारेची धार परत येते.